सतराऐवजी एकाहत्तर

आपल्या हातून चूक होणं शक्यच नाही, असं तपासनीसाने त्या सकाळी बायकोला ऐकवलं होतं. लोकांच्या संगणकांत चोरासारखं शिरायचं, भोकं शोधायची आणि ती मालकालाच दाखवायची, हा त्याचा व्यवसाय. चोरात आणि आपल्यात फरक एका कागदाचा, परवानगीचा, असं तो नवख्यांना बजावत असे.

आजचा कागद एका काचेच्या दुकानाचा होता. साडेदहाला त्याने दुकानाच्या यंत्रणेचा पत्ता टाकला आणि चौथ्या मिनिटाला आत! पासवर्ड एक ते सहा आकडे, ओळीने. खुशीत त्याने पहिली नोंद वाचली: ‘अक्कलदाढ, उजवीकडची, सूज भरपूर.’

काचेला अक्कलदाढ नसते. त्याने कागद पाहिला. पत्त्याच्या शेवटी सतरा. पडद्यावर एकाहत्तर. परक्या घरात न्हाणीघराचं दार उघडावं तसा तो दचकला आणि त्याने लॅपटॉप खाडकन मिटला.

शेजारच्या दाढीवाल्या सहकाऱ्याचं मत पडलं की कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. सल्ला गोड होता. पण परवानगीचा कागद नव्हता. म्हणजे गेली चार मिनिटं आपण नक्की कोण होतो? अर्धा तास घाम पुसून तो आपल्या कंपनीच्या मालकीणबाईंसमोर उभा राहिला.

“काही वाचलंस?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“एक दाढ.”

“उतरवून घेतलंस?”

“नाही.”

“मग स्वतः जाऊन सांग. डॉक्टरांनी तक्रार केली तर उद्यापासून येऊ नकोस. मी असते तर केली असती.”

दातांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून निघाला. बाहेर नऊ माणसं गाल धरून बसली होती. मदतनीस बाईंनी कोणती दाढ म्हणून विचारलं, तेव्हा दाढ नाही, नोकरी दुखतेय, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. आत जाऊन त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं.

डॉक्टरबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला. “म्हणजे आत बसलेले तुम्ही तर.”

“बसलो नाही हो. लगेच लॅपटॉप मिटला.”

“मिटलात. पण बाहेर पडलात का?”

मिटायच्या घाईत बाहेर पडायचं राहूनच गेलं होतं.

“साडेदहापासून हे यंत्र मला सांगतंय की डॉक्टर आधीच आत आहेत, दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही. बाहेर नऊ गाल सुजलेत आणि कुणाची कोणती दाढ, मला ठाऊक नाही.”

दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून तो रुग्णाच्या खुर्चीत आडवा झाला आणि पिशवीतला लॅपटॉप पोटावर उघडला.

“आणि... तक्रारीचं?” त्याने चाचरत विचारलं.

“तीही या यंत्रातच लिहावी लागेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आधी बाहेर या.”