शिक्षकांच्या खोलीत राहिलेला रेकॉर्डर

मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर आपला रेकॉर्डर दिसला आणि संशोधन करणारी मुलगी दारातच थबकली. त्याचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

"शिक्षकांच्या खोलीत सापडला. वर्तमानपत्राखाली," बाई म्हणाल्या. "परवानगी कुठली होती तुम्हाला?"

"फक्त वर्गाची, मॅडम. चहाला गेले आणि तिथेच विसरले. मुद्दाम नाही, शपथ!"

गेले चार महिने ती पाचवीच्या वर्गात मागे बसून टिपणं काढत होती. मुलं शिकायची एका भाषेत, भांडायची दुसऱ्या भाषेत आणि उत्तरं कुजबुजायची तिसऱ्याच भाषेत. कोण कुणाशी कधी काय बोलतं, यावर तिचा सगळा प्रबंध उभा होता. आता परवानगी काढून घेतली की चार महिने पाण्यात.

"लावा."

"नुसता गोंगाट असेल, मॅडम."

"लावा म्हटलं ना!"

आधी कपबशा वाजल्या. मग गणिताच्या सरांचा आवाज आला, तोही डोंगराकडच्या भाषेत. ती इथल्या बहुतेक शिक्षकांच्या घरची भाषा. बाई बाहेरगावच्या, त्यांना तिचा गंधही नाही, अशी साऱ्या शाळेची खात्री होती. मुलीला मात्र ती चांगलीच कळत होती, म्हणून तर तिला घाम फुटला. सर म्हणत होते, "बाई व्हरांड्यातून निघाल्या की वाटतं, कुणी कपाट ढकलतंय!"

खोलीत हशा पिकला.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"ते... वर्गात कपाटं कमी पडतात म्हणाले."

"मग हसले कशाला?"

"स्वभावच हसरा आहे त्यांचा."

रेकॉर्डरमध्ये चित्रकलेच्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू! ऐकतील ना त्या."

"ऐकू देत. कळतंय कुठे त्यांना?" सर म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाईंनी बटण दाबून रेकॉर्डर थांबवला. चष्मा काढून सावकाश पुसला. मग डोंगराकडच्याच भाषेत, कुठेही न अडखळता म्हणाल्या, "भाषांतर फार वाईट करता हो तुम्ही."

मुलीने आ वासला. "तुम्हाला येते?"

"नऊ वर्षं झाली. हे सगळं आत्ता माझ्यासमोर पुसून टाका. उद्या वर्गात बसा खुशाल. पण मला ही भाषा येते, हे तुमच्या वहीत कुठेही दिसता कामा नये."

"का, मॅडम?"

"त्यांना कळलं तर माझ्यासमोर बोलायचेच थांबतील," बाई कळवळून म्हणाल्या. "मग शाळेत काय चाललंय, ते मला कळायचं कसं?"