शीळकरी पक्षी

रेडिओकाकांनी कानाचं यंत्र स्वतः उघडलं, तिथूनच सगळं बिनसलं. यंत्र मुलीने हौसेने आणून दिलेलं, पण कानात जरा सैल बसायचं. "दुकानात दाखवून आणू या," असं ती म्हणत होती. पण ज्या माणसाने जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले, तो आपलं यंत्र परक्याच्या हातात कसा देईल? सकाळचा चहा निवेपर्यंत काकांनी ते खोललं, आत काहीतरी पिळलं आणि पुन्हा कानात चढवलं.

"आता बघ कसं ठणठणीत झालं," ते म्हणाले. काकूंनी निवलेला चहा पुन्हा गरम करायला नेला.

त्या दिवशी दोघांना वाचनालयाच्या सहलीबरोबर तळ्याकाठच्या पाऊलवाटेवर जायचं होतं. नावं काकांनीच हट्टाने घातली होती, कारण त्यांच्या मते ती वाट त्यांचीच होती. लग्न ठरल्यावर ते काकूंना सायकलच्या दांडीवर बसवून इथे आणायचे. तेव्हा ना फाटक होतं ना पाट्या. झाडाखाली उभं राहून काका डोळे मिटायचे आणि नुसत्या आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगायचे. काकू त्यांच्याकडे बघत राहायच्या. ते बघणं काकांना अजून आठवत होतं. अलीकडे घरात त्यांच्याकडे कुणी बघितलं, तर ते फक्त "अहो, नीट ऐका" म्हणण्यासाठी.

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. त्यांच्या मागे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांच्या गळ्यात कॅमेरा नव्हता, तेच कॅमेऱ्याच्या गळ्यात होते म्हणा ना, एवढी ती लेन्स. काकूंचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या जरा मागून येत होत्या.

झाडीत शिरताच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे थांबले. काकांनी कानामागे तळहात धरला.

"ऐकलंत?" बाई कुजबुजल्या. "किती बारीक शीळ आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांना मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं. या झाडांखाली त्यांच्या आधी दुसऱ्या कुणी पक्षी ऐकावा, हे त्यांना सोसेना. त्यांनी यंत्राचा आवाज हळूच वाढवला आणि हात पुन्हा कानामागे धरला.

"परत वाजवली," कॅमेरेवाले म्हणाले. "काका, तुम्ही जुने जाणकार. कोण हा?"

"हा होय? शीळकरी," काका म्हणाले. तोंडातून एकदा नाव गेलं, ते गेलं.

"मी नाही कधी ऐकलं हे नाव."

"आता कमी झालेत. पूर्वी इथे पोत्याने होते."

झाडी संपून गवताचा माळ लागला. काकांनी कान टवकारून हात लावला, तर शीळ तिथेही हजर. बाई गोंधळल्या. "झाडीतला पक्षी उघड्या गवतात कसा येईल?"

"त्याला जागेचं वावडं नाही," काकांनी सांगितलं.

"आणि दिसायला कसा असतो?"

"दिसत नाही, हीच त्याची खूण."

पुढे दलदल होती, तिच्यावर लाकडी पूल आणि दोन्हीकडे माणसाएवढं लव्हाळं. शीळकरी लव्हाळ्यातही निघाला. आता बाईंनी फोनवर आवाज टिपून घेतला आणि पक्ष्यांचे अभ्यासक असलेल्या आपल्या सरांना पाठवला. कॅमेरेवाले पुलावर पालथे पडले. माणसं काकांच्या भोवती गोळा होऊन एकेक शब्द झेलत होती, आणि काका, शीळकरी पिल्लांना उडायला कसं शिकवतो इथपर्यंत पोचले होते. मात्र आतून ते खचत चालले होते. एवढ्या माणसांना ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, म्हणजे कान गेलेच की. त्यांनी यंत्राचा आवाज शेवटपर्यंत पिळला.

तळ्याच्या कडेला पक्षी बघण्यासाठी लाकडी खोली होती, भिंतींना नुसत्या फटी. काकूही तोवर येऊन बाकावर टेकल्या. सगळे श्वास रोखून बसले. काकांनी कानाला हात लावला आणि शीळकरी थेट खोलीतच गायला लागला.

बाईंनी छपराकडे पाहिलं. कुणी बाकाखाली वाकलं. कॅमेरेवाल्यांनी लेन्स आवाजाच्या दिशेने वळवत वळवत आणली, ती काकांच्या गालाला टेकली.

"काका," ते म्हणाले, "जरा हात खाली घ्या."

शीळ थांबली.

"आता पुन्हा लावा."

शीळ सुरू झाली. मग कुणाला सांगायची गरज उरली नाही. स्पीकरजवळ माईक नेला की तो किंचाळतो, हे काकांनी हजार गिऱ्हाइकांना समजावलं होतं. हसू आधी एकाला फुटलं, मग सगळ्यांना. बाई घाईघाईने आपल्या सरांना फोन लावायला बाहेर गेल्या. काकांनी यंत्र काढून खिशात टाकलं आणि फटीतून पाण्याकडे बघत बसले. कानांवर पडदा पडला ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

काकू सरकून त्यांच्या शेजारी आल्या. यंत्र नव्हतं, त्यामुळे त्यांना काकांच्या कानाशी मोठ्यानेच बोलावं लागलं, आणि ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"मला झाडीतच कळलं होतं, यंत्र वाजतंय ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तेव्हा तरी कुठे बोलले? माझ्या थोरल्या भावाला पक्ष्यांचा नाद होता. मला सगळे पक्षी ओळखता यायचे. तुम्ही सायकल लावून सांगायचात, त्यातलं एक नाव खरं असेल तर शपथ."

काकांचा चेहरा पडला. "एकही नाही?"

"कावळा बरोबर होता."

"मग एवढं बघत काय राहायचीस?"

"पुढचं नाव कुठून काढताय, ते बघायचे," काकू म्हणाल्या. "घरात इतकं बोलणारं कुणी नव्हतं आमच्या."

तेवढ्यात लव्हाळ्यातून एक पांढऱ्या छातीचा पक्षी दबकत दबकत बाहेर आला. कॅमेरेवाल्यांनी श्वास रोखला. सबंध सकाळीत त्यांना मिळालेला हा पहिलाच पक्षी. काकांनी बोट दाखवलं. "हा कोण गं?"

काकूंनी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि त्यांच्या कानात ओरडल्या, "लाजरी पाणकोंबडी."

पाणकोंबडी उडी मारून लव्हाळ्यात दिसेनाशी झाली. कॅमेरेवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"बघितलंस?" काका समाधानाने म्हणाले. "खरं नाव घेतलं की पळतात."