घरच्या माणसाला काय विचारायचं?

आमचे पवारसर ‘कसे आहात?’ असं कुणाला विचारत नसत. परस्पर सांगून टाकत. “तुमचं डोकं दुखतंय,” ते म्हणत, आणि धडधाकट माणूस कपाळ चोळायला लागे. हॉटेलात मी पोह्यांचं नाव काढायच्या आत मिसळ आलेली असे. “मिसळच पायजे तुम्हाला. मला म्हाईत हाय की!” पहिल्या घासाला मलाही तसंच वाटे, याचा जास्त संताप यायचा.

कोल्हापुरात कॉम्प्युटर नुकता आला होता. राजारामपुरीतल्या एका क्लासात आम्ही दोघं प्रोग्रॅमिंग शिकवायचो. सरांचा सगळा जीव ॲबस्ट्रॅक्ट डेटा टाइपवर, म्हणजे माहिती आत झाकून ठेवणाऱ्या साच्यावर. “आतली मांडणी बाहेरच्यांना दिसत न्हाय. पण टाइपची स्वतःची फंक्शनं, म्हंजे त्याची घरचीच कामं करणारी? त्यांना त्याच टाइपचे कुठलेबी दोन नग द्या, दोन्हींच्या आतलं बघत्यात. घरच्या माणसाला काय विचारायचं?”

संसारातही हाच कायदा. वहिनींना बालवाडीत नोकरी चालून आली, तर सरांनी परस्पर कळवलं, “तिला नको हाय.” वहिनी निपाणीला माहेरी निघून गेल्या. “चार दिसांत येतीया,” सर म्हणाले. दोन महिने झाले तरी त्यांचा पत्ता नाही. सर वाळत चालले. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

त्यातच अभ्यासक्रमात ऑब्जेक्ट ही नवी पद्धत आली. आठवडाभर नाक मुरडून सरांनी शेवटी खडू उचलला. मी मागच्या बाकावर बसलो होतो.

“हे दोन संच. दोन्ही ऑब्जेक्ट. पयल्याला दुसऱ्याच्या आत बघता येत न्हाय. अगदी त्याच्यासारखाच असला तरी न्हाय. विचारायचं, बाबा, तुझ्यात हे हाय का? आणि तो सांगंल ते...”

सरांनी खडू खाली ठेवला.

“सांगंल ते काय, सर?” एका मुलीनं विचारलं.

“खरं मानायचं,” सर पुटपुटले आणि त्यांनी वर्ग सोडून दिला.

सर तडक पोस्टात निघाले; काळजी वाटून मीही मागोमाग गेलो. निपाणीला शेजाऱ्यांकडे ट्रंककॉल लागला. वहिनींना बोलावून आणलं असावं, कारण सर एकदम ताठ झाले.

“कशी हाईस?”

लग्नाला वीस वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच केला असणार. मग ते नुसते ऐकत राहिले. मध्येच एकदा “व्हय”, एकदा “चुकलं माझं”.

तीन मिनिटं संपल्याचं ऑपरेटरनं सांगितलं असावं. सर घाईघाईनं म्हणाले, “बाई, वाढवा. तिचं अजून सांगून झालं न्हाय.”