निताईचा बांगलादेशाशी अबोला

सन २०२४. माझं वय चौऱ्याहत्तर. त्या साली ऐन श्रावणात निताईनं बांगलादेशाशी बोलणं टाकलं.

माणसं भावाशी बोलणं टाकतात, व्याह्याशी टाकतात, शेताच्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याशी तर टाकतातच. पण अख्ख्या देशाशी टाकलेलं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. सकाळी सकाळी माझ्या ओसरीसमोर येऊन उभा राहिला, लुंगी गुडघ्यापर्यंत वर धरली आणि म्हणाला, "दादा, आजपासून त्या देशाशी आपलं बोलणं बोंद."

मी म्हटलं, "तो देश तुले रोज काय बोलत होता बे?"

"तो नाही बोलत. पण आता मी पण नाही बोलणार."

निताई मंडल केशोरीजवळच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पात राहतो. कॅम्प नुसतं नावाला. आता तिथं पक्की घरं आहेत, दारात डिश आहे, मागे माशांची लहान तळी, आमच्या भाषेत बोड्या, आहेत. त्याचं धान आणि माझं धान यांच्यामध्ये एक धुरा आहे आणि त्या धुऱ्यावर आम्ही जवळजवळ साठ वर्षं भांडून राहिलो. दहा वर्षांचा असताना तो बापाचं बोट धरून खुलन्याकडून आला. तेव्हा तिकडं पूर्व पाकिस्तान होतं. पुढं बांगलादेश झालं, तर हा म्हणतो, "नाव बदललं, दादा. खोड नाही बदलली." आमची झाडीबोली तो आमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो, फक्त बोलताना तोंडात रसगुल्ला असल्यासारखा. गरमला गोरम, बंदला बोंद.

त्याच्याएवढा भारताचा माणूस आमच्या तालुक्यात नाही. पंधरा ऑगस्टला शाळेच्या आधी त्याच्या घरावर झेंडा लागतो. आणि त्या देशावर तर इतका राग, की घरातलं घड्याळ तिकडच्या वेळेवर लावून ठेवलेलं, आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं. मी विचारलं, "हे कायले?"

"नजर ठेवायला. ते केव्हा उठतात, केव्हा जेवतात, माहीत पाहिजे की नाही?"

"दुश्मन केव्हा जेवते हे माहीत करून तू काय करशील?"

"तुम्हाले राजकारण नाही समजत," म्हणाला.

मला! मी तिसरी शिकलो, पण पेपर रोज वाचतो. बोट ठेवून, मोठ्यानं, हळू वाचतो. म्हणून भरभर वाचणाऱ्यांपेक्षा मला जास्त कळतं.

एकदा टपरीवर भारत-बांगलादेश मॅच लागली होती. निताई सगळ्यात पुढं, बाकड्यावर उभा. "मार! फोड! हाकल त्यांना!" पोरं खूष. मग आपल्या गड्यानं त्यांच्या एका लहानशा बॉलरला लागोपाठ दोन छक्के हाणले, तसा हा किंचाळला, "अरे गाढवा, छातीवर कायले देतेस? पायात टाक ना, पायात!"

सगळी टपरी त्याच्याकडं वळली. मी म्हटलं, "निताई, तू हाएस कोणाकडून?"

"भारताकडून. पण त्यांनी धड खेळावं तर खरं. आपली इज्जत जाते ना."

"आपली म्हणजे कोणाची बे?"

त्यानं चहा मागवला.

आता अबोल्याचं कारण सांगतो. निताईची मोठी बहीण पारुलदीदी तिकडंच राहिली. निताईचं कुटुंब निघालं तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं, सासर सोडून कशी येणार? निताईनं तिला मग फोनच्या काचेवरच पाहिली. त्या वर्षी तिनं ठरवलं, दिवाळीला यायचं. गुडघे गेलेले, डोळे अधू, पण भाऊबिजेला भावाच्या घरी जेवायचंच. निताईनं मागची खोली पक्की केली. तिला पाय उचलायला नको म्हणून दाराचा उंबरठा फोडून काढला. बोडीत कातला मासा सोडला. त्याची बायको मालती मला म्हणाली, "माझ्यासाठी कधी पायरी नाही बनवली ह्यांनी, भाऊ!"

आणि श्रावणात तिकडं सरकार उलटलं. जाळपोळ, दंगे, सगळं टीव्हीवर. थोड्या दिवसांनी दीदीचा फोन आला की व्हिसा मिळून नाही राहिला. पुढचं निताईनं ऐकलंच नाही. "साठ वर्षांआधी आमाले हाकललं, आता दीदीले अडवून राहिले!" असं ओरडला आणि फोन दिला बोडीत भिरकावून. दुसऱ्या दिवशी माझ्या ओसरीवर येऊन अबोला जाहीर केला तो असा.

नवा फोन घेईना. मालतीला घेऊ देईना. कारण फोन घेतला की त्या देशातून आवाज येणार.

आता गंमत अशी, की निताईचं रिचार्ज नेहमी संपलेलं असायचं आणि तो माझ्या फोनवरून दीदीशी बोलायचा. त्यामुळं ती मला फोन करू लागली. मला बंगाली येत नाही, तिला मराठी येत नाही. दोघं मोडकी हिंदी बोलायचो. पहिला प्रश्न, "निताई खाया?" मी सांगायचो, खाया. दुसरा प्रश्न, "बात नाही करेगा?" मी सांगायचो, खेत में है. धान कापून झालं, चुरून दाणे घरी आले, तरी माझ्या हिशोबानं निताई शेतातच होता.

एकदा ती रडत म्हणाली, "हमारा तरफ से नहीं रोका, दादा. तुमरा तरफ का खिड़की बोंद है."

मी पेपर काढला. बोट ठेवून वाचलं. खरंच होतं. तिकडं गडबड झाली म्हणून आपल्याच लोकांनी व्हिसाची खिडकी मिटली होती, नुसती अगदी अडलेल्यांसाठी किलकिली ठेवलेली.

हे निताईला कसं सांगावं? ज्या माणसाचा झेंडा शाळेच्या आधी लागतो, त्याला? मी दिवाळी येईपर्यंत गप्प बसलो. पण दीदीचा आवाज दर फोनला बारीक होत चालला होता. भाऊबिजेच्या आदल्या संध्याकाळी मालतीच माझ्या घरी आली. म्हणाली, "ती म्हातारी अशीच मरून जाईल, भाऊ. तुम्हीच बोला."

मी गेलो. निताई त्या नव्या खोलीत खाटेवर बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, पेपर पुढं केला.

तो भडकेल म्हणून मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. तो भडकला नाही. त्यानं फोडलेल्या उंबरठ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मग आता कोणाशी बोलणं बोंद करू, दादा? इथं तर मी राहतो."

मी पेपरची घडी केली आणि खाटेवर त्याच्याजवळ बसलो.

तोच पुढं बोलू लागला. त्यांच्यात भाऊबिजेला बहीण डाव्या हाताच्या करंगळीनं भावाच्या कपाळावर चंदनाचा टिळा लावते. भाऊ दूर असला, तर घरातल्या भिंतीला नाहीतर दाराच्या चौकटीला लावते. पारुलदीदी चौकटीला लावते. हा निघून आला त्या सालापासून. "मी तिकडं एक चौकट आहे, दादा," म्हणाला. "लाकडाची."

"आणि यंदा तिनं लावला नाही तर?"

"लावेल. मी बोललो नाही, तरी लावेल." आणि तोंड फिरवून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, फोन घेतला आणि त्याच्या अंगणात जाऊन दीदीला व्हिडिओ लावला. निताई "नको, नको" म्हणत होता आणि केस सारखे करत होता. काचेवर पांढऱ्या केसांचं एक डोकं आलं. तिनं आधी शिव्या दिल्या. बंगाली शिव्या होत्या, पण समजल्या. हा मान खाली घालून "होय, दीदी, होय" करत राहिला.

मी म्हटलं, "दीदी, आता टिळा फोन पर ही लगा दो."

"नाही," ती म्हणाली. "फोन पर का टीका पोंछना पड़ता है."

तिनं फोन कोणाच्या तरी हातात दिला आणि चौकटीजवळ गेली. लाकूड तेवढ्या जागी काळपट पिवळं झालं होतं. तिनं करंगळी चंदनाच्या वाटीत बुडवली, तोंडानं काही पुटपुटली आणि त्या जागेवर टेकवली. इकडं निताईनं डोळे मिटले होते, कपाळ पुढं केलं होतं.

मी फोन खाली घेऊ लागलो तर ती ओरडली, "ए दादा! रुको! तुम किधर जाता है?" चौकटीवर त्या डागाच्या बाजूला तिनं पदरानं थोडी जागा पुसली आणि करंगळी पुन्हा वाटीत घातली.

मी गावात कोणासमोर वाकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी फोन निताईच्या हातात दिला, टोपी काढली आणि कपाळ पुढं केलं.