दोघींचं माहेर एकच

डोंगऱ्याने दोन जपानी बायकांना अख्खा हिवाळा माहेरी बसवून ठेवलं होतं. त्या बायका सिनेमात नव्हत्याच, ही गोष्ट वेगळी.

नीट सांगतो. आमची ही गेली आणि मुलगा मला अबुधाबीला घेऊन आला. गावात एकटा ठेवला तर म्हातारा गॅस उघडा टाकून आळी जाळील, असं सुनेचं मत. खलिफा सिटीत एका अरबाच्या व्हिलाचे तुकडे पाडून भाडेकरू भरले होते. त्यातला एक तुकडा आमचा. मी जन्माचा गवंडी. आल्या दिवशी मधल्या भिंतीवर टिचकी मारली आणि कळलं, जिप्सम. पलीकडचा शिंकला तर इकडे नाक पुसावं.

पलीकडे डोंगरे आणि साळवी. दोघंही इंजिनीअर, दोघंही पन्नाशीचे, दोघंही बिनलग्नाचे. डोंगरे पुण्याचा, काटकुळा. साळवी रत्नागिरीकडचा, दारातून आला की आधी पोट आणि मग साळवी. पहिल्या नोकरीपासून एकत्र राहत होते. भाडं वाचतं म्हणून, असं डोंगरे सांगे. कुणी न विचारता सांगे.

त्याच्या तोंडात एक वाक्य कायम. ‘तसं काही नाही.’ जेवलास का रे, विचारलं तर ‘तसं काही नाही काका, जेवलोय.’ एकदा लंगडत आला. म्हटलं, पाय मुरगळला काय? म्हणाला, ‘तसं काही नाही. मोडलाय.’

बाहेर दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. अहो डोंगरे, अहो साळवी. दार लागलं की भिंतीतून वेगळंच. अरे, ओला टॉवेल गादीवर का टाकलास. अरे, गीझर तुझा बाप बंद करणार का. मी चाळीस वर्षं संसार केलाय. भांडणातला आदर संपला की तिथे संसार आहे असं समजावं. मला समजलं. मी कुणाला बोललो नाही. बोलायचं काय त्यात?

डोंगरे मासे खायला उशिरा शिकला. काट्याला असा भ्यायचा की बांगड्याकडे लांबूनच बघायचा. मग साळवी काटे काढून दोन बोटांनी मऊ तुकडे त्याच्या ताटात सारायचा. मी बघतोय असं दिसलं की डोंगरे म्हणे, ‘तसं काही नाही काका, ह्यांना आवड आहे काटे काढायची.’ आमची ही कधी काढून द्यायची नाही. म्हणायची, दात दिलेत देवाने, वापरा.

तर सिनेमा. त्या साली मंदी आली. अर्धवट बिल्डिंगांवरच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. जो तो सोफे विकून घरी निघाला. डोंगऱ्याच्या ऑफिसातला जपानी साहेब जाताना त्याला एक डीव्हीडी देऊन गेला. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मी चौथीपर्यंत शिकलेला, तेही मास्तरांची कृपा. माझ्यासाठी डोंगरे वाचून मराठीत सांगणार असं ठरलं. दर शुक्रवारी बिर्याणी आणि तोच सिनेमा. दुसरा नव्हताच.

सिनेमात दोन बापये. एक मास्तर, एक लाँड्रीवाला. केस पिकायला लागलेले, एकाच घरात राहतात, भाजी आणतात, भांडी घासतात.

म्हटलं, हे कोण रे एकमेकांचे?

डोंगऱ्याला घाम फुटला. ‘साडू आहेत, काका.’

‘मग बायका कुठायत?’

‘माहेरी.’

‘दोघी?’

‘सख्ख्या बहिणी ना. दोघींचं माहेर एकच.’

साळवी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला. तिथून उंदीर चेंगरल्यासारखा आवाज आला.

पुढे मास्तरने लाँड्रीवाल्याचा हात धरला. डोंगरे म्हणाला, ताप बघतोय. मग बराच वेळ धरून राहिला. डोंगरे म्हणाला, ताप जास्त आहे. दोघांच्या गाद्या शेजारी शेजारी. जपानात जागेची टंचाई. मास्तर लाँड्रीवाल्याच्या गळ्यात पडून रडला. डोंगऱ्याने बराच विचार केला आणि म्हणाला, हा तिकडचा कुस्तीचा प्रकार आहे.

‘रडत रडत?’

‘हरलाय ना.’

त्या सिनेमात बांगडासुद्धा होता. नुसता मीठ लावून भाजलेला, ना हळद ना तिखट. बघून माझा जीव तुटला. लाँड्रीवाला त्याचे काटे काढून मास्तरच्या वाटीत घालत होता. डोंगरे म्हणाला, ‘हा आधी मच्छी खात्यात होता. तपासतोय.’

तेव्हा मात्र साळवी बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाला, ‘डोंगरे, आता त्या बायकांना आणा हो माहेरहून. काका थकले.’

मी चकार शब्द काढला नाही. एवढी करमणूक फुकट कोण देतो?

मग साळवीची कंपनी बसली. व्हिसा रद्द, महिन्याच्या आत देश सोडायचा किंवा दुसरी नोकरी धरायची. नोकरी कुठे होती? डोंगरे त्याचा बायोडाटा घेऊन दुबईपासून रास अल खैमापर्यंत फिरला. जिथे तिथे इजिप्तचा मॅनेजर म्हणायचा इन्शाल्ला, म्हणजे नाही.

माझ्या मुलाने बापाचा व्हिसा काढला होता. शेजारच्याने बायकोचा काढला, सासूचासुद्धा काढला, आणि ती सासू त्याला दोन वेळा मारायला धावली होती. डोंगऱ्याला साळवीचा काढता येईना. कागदावर तो त्याचा कोणीच नव्हता.

शेवटी डोंगरे माझ्याकडे आला. डोळे तारवटलेले.

‘काका, साळवी तुमच्याकडे आचारी म्हणून लागला तर?’

मी साळवीकडे बघितलं. पूल बांधलेला माणूस. तो म्हणाला, ‘मला पोळ्या येतात काका. गोल नाही येत.’

मुलगा कटकट करत का होईना, व्हिसाचे अर्ज भरून देतात त्या टायपिंग सेंटरला गेला. तिथल्या मल्याळी बाबाने साळवीचा जुना व्हिसा बघितला, त्यावर इंजिनीअर लिहिलेलं बघितलं, आणि हसून हसून चहा सांडला. खलास.

साळवी गेला. विमानतळावर दोघांनी हात मिळवले, अहो सांभाळा, अहो कळवा. टॅक्सीत मी डोंगऱ्याला म्हटलं, रडतोस काय? म्हणाला, ‘तसं काही नाही. एसी लागतो डोळ्यांना.’

मग भिंत गप्प झाली. टॉवेल नाही, गीझर नाही. ही गेल्यावर आमच्या घराचा असाच आवाज झाला होता. त्याला शांतता म्हणतात ते खोटं. कानात दडे बसल्यासारखं होतं.

दोन-तीन शुक्रवार गेले. मी बांगडे तळले, सुनेच्या शिव्या खाल्ल्या वासाबद्दल, आणि भिंतीवर बुक्की मारली. म्हटलं, तो सिनेमा घेऊन ये.

डोंगरे आला. दाढी वाढलेली. सिनेमा लावला आणि सवयीने सुरू झाला, ‘तर काका, हे दोघे साडू...’

‘डोंगरे,’ म्हटलं, ‘मला इंग्रजी येत नाही. डोळे आहेत. त्या बायकांना राहू दे माहेरी. हे दोघं काय बोलतात ते सांग.’

तो पडद्याकडे बघत राहिला. गाद्या घातलेल्या होत्या, दिवा मालवलेला.

‘हा म्हणतोय, पंखा बंद केलास का.’

‘आणि तो?’

‘तो म्हणतोय, शेवटी तूच उठला होतास.’

‘मग?’

‘मग हा म्हणतोय, तू दाराच्या बाजूला झोपतोस, तूच ऊठ.’

मी पुढचं ऐकायला थांबलो. पुढचं काही नव्हतं. लाँड्रीवाला उठून पंखा बंद करून आला.

‘एवढंच?’

‘एवढंच, काका.’

‘आणि एवढ्यासाठी तू दोन बायका माहेरी धाडल्यास?’

तो हसला, नाक ओढलं. म्हटलं, नवरा-बायकोच म्हणायचे ना हे? आणि मी त्याच्या त्या वाक्याची वाट बघितली. ते आलं नाही.

‘हो, काका,’ म्हणाला.

थोड्या वेळाने म्हणाला, ‘मी राजीनामा दिलाय. पुढच्या महिन्यात रत्नागिरीला जातो. तिथले लोक विचारतील, एवढी नोकरी सोडून इथे कुणासाठी आलात.’

‘सांग त्यांना,’ म्हटलं, ‘तसं काही नाही.’

त्याच्या ताटातला बांगडा तसाच होता. गार झाला होता. मी ताट माझ्याकडे ओढलं आणि काटे काढायला बसलो. माझा हात जड, गवंड्याचा. तुकडे वेडेवाकडे निघाले. त्याने मुकाट्याने खाल्ले.