बर्फाखालची शेगडी

वाटाणे गोठवून ठेवणाऱ्या त्या शीतगृहात नवे व्यवस्थापक रुजू झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांना मागच्या बोळात एक बटण सापडले. बटणावर लाल दिवा आणि खाली झिजलेली अक्षरे : 'फरशीखालचा हीटर'. पुढचे शब्द पुसून गेले होते. व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले.

"म्हणजे वर उणे वीस अंश करायला वीज जाळायची, आणि खालून शेकायला पुन्हा वीज जाळायची?"

"पहिल्यापासून तसंच आहे, साहेब," ट्रॉलीवाला म्हणाला.

"पहिल्यापासूनचा गाढवपणा म्हणून तो जपून ठेवायचा का?"

त्यांनी बटण बंद केले. लाल दिवा विझला. पुढे काहीच झाले नाही, आणि काहीच झाले नाही याचाच त्यांना फार आनंद झाला.

नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर होती. वर्षअखेरीस मुख्य कचेरीतून मोठे साहेब येऊन कायम करणार होते. त्यामुळे पहिल्याच महिन्यात विजेचे बिल उतरले, तेव्हा व्यवस्थापकांनी कचेरीला तीन पानी पत्र लिहिले आणि तेच घरी बायकोला तोंडी ऐकवले.

"बर्फाखाली शेगडी! बावीस वर्षं एकाच्याही लक्षात आलं नाही."

"बावीस वर्षांत तिथं एकही शहाणा आला नाही, असं कसं होईल हो?" बायको म्हणाली.

"आला ना. गेल्या महिन्यात."

पाचव्या महिन्यात वाटाण्यांच्या थंड कोठीचे दार फरशीला घासू लागले.

ते दार लाकडी होते, वीतभर जाड, पोटात बुचाचा थर घातलेले. बावीस वर्षांपूर्वी ते केले होते व्यवस्थापकांच्या सासऱ्यांनीच. सासरे सुतार. माणूस इतका भिडस्त की कपाट उत्तम करून द्यायचे आणि वर म्हणायचे, "काही चुकलं असेल तर सांगा बरं." जावई त्यांना मामा म्हणत असे.

"मामा, तुमचं दार खाली उतरलंय."

"उतरेल कसं, जावईबापू? बिजागऱ्या जागच्या जागी आहेत." मग मामांनी खालचा ओठ चावला. "पण उतरलंही असेल. माझंच काहीतरी राहिलं असणार."

दोघातिघांना हाताशी घेऊन त्यांनी दार उतरवले, खालच्या कडेवरून रंधा फिरवला आणि पुन्हा चढवले. दार लागले. पंधरा दिवसांनी पुन्हा अडले. मामा पुन्हा आले. सातव्या महिन्यात ते तिसऱ्यांदा आले, आठव्यात चौथ्यांदा.

"मामा, दार तासताय की पेन्सिल?" जावई म्हणाले. आजूबाजूचे हसले. मामाही हसले, पण थोडे उशिरा.

त्या दिवशी त्यांनी फरशीवर सपाटी पाहायची पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला. पाणसळ बिघडली म्हणून मामांनी नवी विकत आणली. नवीतला बुडबुडाही त्याच टोकाला गेला. तेव्हा मामा डोळे तपासायला गेले. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत." हे ऐकून मामांचा उरलासुरला धीर सुटला. डोळे शाबूत, पाणसळ नवी, म्हणजे हातच गेला.

"हत्यारं देऊन टाकतो," ते लेकीला म्हणाले. "ज्या हाताला स्वतःचं दार बसवता येत नाही, त्यानं लोकांची कशाला बिघडवायची?"

"बाबा, चाळीस वर्षं काम केलंत तुम्ही."

"चाळीस वर्षांत लोकांनी भिडेखातर सांगितलं नसेल."

त्या दिवशी लेकीने नवऱ्याला चांगलेच फैलावर घेतले. "तुमच्या त्या पेन्सिलीच्या विनोदानं बाबांचं जेवण सुटलंय. वर्ष संपताच हत्यारं देऊन टाकणार म्हणतायत ते!"

"मी काय केलं? दार त्यांचं."

दहाव्या महिन्यात मात्र कोठीतली ट्रॉली निघाली. वाटाण्याच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली मधोमध उभी होती. कुणी हात लावला नव्हता. आधी ती कुरकुरली, मग सावकाश हलली, मग तिने वेग धरला आणि व्यवस्थापकांना भिंतीशी नेऊन उभे केले.

"साहेब, शपथ! मी शिवलोसुद्धा नाही!" ट्रॉलीवाला ओरडला.

"मग ती काय पाय मोकळे करायला निघाली?"

ट्रॉलीवाला वाकून जमिनीकडे पाहत होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "फरशीला पोट सुटलंय."

व्यवस्थापकांनी पाहिले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मधोमध फरशी चांगली वीतभर वर आली होती. तिच्यावरून एक भेग भिंतीपर्यंत गेली होती आणि फळ्यांच्या मांडण्या पाहुण्यांसारख्या अदबीने मागे झुकल्या होत्या.

चार दिवसांनी मोठे साहेब आले. सोबत मातीची तपासणी करणाऱ्या इंजिनिअर बाई होत्या. दाराची तक्रार कागदोपत्री असल्यामुळे मामांनाही बोलावणे गेले होते. ते कोपऱ्यात उभे राहिले, गुन्हा कबूल करायला आल्यासारखे.

बाईंनी फरशीला भोक पाडले आणि खालून मातीचा एक लांब दांडा उपसून काढला. त्यात करडी माती आणि स्वच्छ बर्फ यांचे थर आलटून पालटून होते, लिहिलेल्या पानांत कोरे कागद घालावेत तसे.

"थंडी वरून खाली उतरत जाते," बाई म्हणाल्या. "माती ओली असली की खालचं पाणी त्या थंडीकडे वर ओढलं जातं आणि तिथंच थराथरानं गोठतं. थंडी खाली जाते, फरशी वर येते."

"बर्फाला एवढं वजन उचलवतं?" मोठ्या साहेबांनी विचारले.

"इमारत उचलेल, फरशीचं काय! म्हणून तर अशा कोठीखाली हीटर ठेवतात, माती गोठू नये म्हणून. तुमच्याकडे असेलच ना?"

कोठीत उणे वीस अंश होते, तरी व्यवस्थापकांना घाम फुटला.

"म्हणजे बाई," मामा चाचरत म्हणाले, "दार..."

"दाराला काय झालंय? ते आहे तिथंच आहे."

मामा एका पोत्यावर बसले. दोन्ही हात त्यांनी उलटसुलट करून पाहिले, हरवलेली वस्तू घरातच सापडावी तसे. व्यवस्थापक ते हात पाहत राहिले. गप्प राहिले असते तर नोकरी कदाचित वाचली असती. पण त्यांच्या तोंडून निघून गेले, "हीटर मी बंद केला. मामांचा काही दोष नाही."

आता आकाश कोसळणार म्हणून सगळ्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिले. मोठे साहेब पांढरे पडले होते.

"तेच ते... तीन पानी पत्र?"

"हो साहेब."

"मला फार आवडलं होतं हो ते." मोठे साहेबही पोत्यावर टेकले. "आपल्या बाकीच्या चौदा कोठ्यांना मी तोच हुकूम काढला."

मग मामांनी विचारले, "तिथली दारं?"

"सगळीकडून दारांच्याच तक्रारी येतायत. सगळी तासून घेतली."

"हीटर आता हळूहळू चालू करा," बाई म्हणाल्या. "काही महिन्यांत फरशा खाली बसतील. मग मात्र त्या दारांखालून मांजर जाईल."

मोठे साहेब उठले. व्यवस्थापकांना म्हणाले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका." स्वतःच्या हुकुमाबद्दल ते काही बोलले नाहीत. मामांपाशी जाऊन मात्र ते आवाज खाली आणत म्हणाले, "पंधरा दारं नवी करून द्याल का?"

मामा दारापाशी गेले. चौकटीवरून त्यांनी एकदा तळवा फिरवला.

"करतो. माझं काम चुकत नाही," ते म्हणाले, आणि आपणच बोललो का, अशा नजरेने त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग जावयाकडे वळले. "पण पंधरा दारं एकट्यानं उरकायची नाहीत. जावईबापू, उद्यापासून मोकळेच आहात ना?"