अल हैलची सामाईक बाजारपेठ

ओमानमधल्या अल हैल वस्तीतल्या त्या इमारतीत तीन मराठी घरं होती आणि त्यांच्यातला व्यापार सुरळीत चालू होता. तळमजल्यावरचा बबन एसी दुरुस्तीसाठी किनाऱ्यावरच्या सहम गावी गेला की बांगडे आणी. ते पहिल्या मजल्यावर अनुसयावहिनींकडे जात आणि संध्याकाळी वहिनींची भाजी खाली येई. भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढाच करार. बबनला चहापलीकडे काही करता येत नसल्याने त्याचं रात्रीचं जेवण या करारावर चाले.

२०१४ साली वरच्या मजल्यावरचे इंजिनियर जनार्दनसाहेब कंपनीच्या कामाने युरोपात जाऊन आले. तिथे एका देशातला ट्रक न थांबता दुसऱ्या देशात गेलेला त्यांनी स्वतः पाहिला. शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं.

"आपणही सीमा काढून टाकायच्या," ते म्हणाले.

"कुठल्या सीमा, साहेब?" बबनने विचारलं.

"तेच सांगतोय. काढून टाकायला आधी सीमा हव्यात. आपल्याकडे त्याही नाहीत. बघ, किती मागे आहोत."

हे मागासलेपण दूर करण्यासाठी जिन्यात प्रत्येक मजल्यावर टेबल मांडण्यात आलं. सीमा झाल्या. त्या उघडायच्या तर मालाचा दर्जा एकसमान हवा, हे ओघानेच आलं. वहिनी साताऱ्याच्या, भाजीत शेंगदाण्याचं कूट घालणाऱ्या. साहेब रत्नागिरीचे, ओल्या नारळाचे. प्रदीर्घ वाटाघाटींनंतर दोन्ही पदार्थ वर्ज्य ठरले. तयार झालेली सर्वसंमत भाजी कोणीच खाईना. त्यामुळे कोणावरही अन्याय झाला नाही, असं साहेबांनी जाहीर केलं.

बबनचे बांगडे मात्र अडले. त्यांची लांबी सारखी नव्हती.

"समुद्राला कळवू का, साहेब?"

"चेष्टा नको. तू सध्या उमेदवार सदस्य आहेस. तोवर तुझ्याकडे भांडं पाठवता येणार नाही."

"मग मी जेवायचं काय?"

"संक्रमणकाळ आहे, बबन. जरा कळ काढ."

संक्रमणकाळात बबन दुकानातली खुबूस रोटी चहात बुडवून खाऊ लागला. एका संध्याकाळी न राहवून वहिनी ओढणीखाली मटकीची उसळ झाकून निघाल्या. जिन्यात साहेब उभे होते.

"वहिनी, ही तस्करी आहे."

"अहो, उपाशी माणूस आहे खाली."

"कुटाचा वास येतोय."

उसळ जप्त होऊन तपासणीसाठी साहेबांच्या घरी गेली. पातेलं चाटूनपुसून परत आलं. वहिनींनी "खलास" म्हटलं, बाजारपेठेतून बाहेर पडल्या आणि दार लावून घेतलं.

बबनने धीर सोडला नाही. तो फूटपट्टी घेऊन खाबुऱ्याच्या मासळीबाजारात फिरू लागला. कोळी त्याला "यल्ला, यल्ला" करून हाकलत. मापाचे बांगडे तपासणीला जमा केल्यावर अखेर त्याला पूर्ण सदस्यत्व मिळालं. बाजारपेठेत आता तो आणि साहेब उरले होते. साहेब बैठकांमुळे हॉटेलातच जेवत, बबनकडे खुबूस होता. देण्यासारखं कोणाकडेच काही नसल्याने व्यापारात पूर्ण समतोल होता.

त्याच आठवड्यात समोरच्या खोलीत प्रेमानंद नावाचा तरुण राहायला आला. त्याने दार वाजवलं. हातात वाफाळतं पातेलं होतं.

"दादा, कोंबडीचा रस्सा जरा जास्तच झालाय. घ्या ना."

बबनच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुढे झाला. मग इथवर पोहोचायला आपण काय काय सोसलं, ते त्याला आठवलं.

"अर्ज केलायस?" त्याने विचारलं.

वाचकांना बबनचा राग येईल, आणि तो रास्त आहे. फक्त शेजारी नवीन माणूस राहायला आला, तेव्हा आपण आधी त्याचं दार वाजवलं की वॉचमनला त्याचं आडनाव विचारलं, एवढं आठवून मग रागवावं.